सदतीस अंशांवरची प्लेट

गोवा घटक राज्य झालं त्या उन्हाळ्यात मी पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत यीस्टवर काम करत होते. पेशीत तयार झालेला माल इवल्या पिशव्यांतून तिच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत जातो. आमच्या बिघडलेल्या यीस्टमध्ये सदतीस अंशांवर ही वाहतूक ठप्प व्हायची आणि पेशी मरायच्या. पंचवीस अंशांवर त्या सुखात. असं यीस्ट कुणी मागितलं की द्यायचं, हा आमच्या छोट्या जमातीचा रिवाज. फिल्टर पेपरच्या तुकड्यावर थेंब सुकवायचा आणि पाकिटातून टपालाने पाठवायचा. सोबत एक ओळ: ‘तपासले आहे, ३७ वर वाढत नाही.’ त्या ओळीवर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवत.

मे महिन्यात प्रयोगशाळेची वीज दोन दिवस गेली. यीस्ट वाढवलेली प्लेट डब्यात घालून मी बस धरली आणि लाटंबार्स्याला घरी आले. बसमध्ये मराठी-कोकणीवरून दोघे हमरीतुमरीवर आले होते. मी मात्र डबा हलू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. घरच्या मागच्या खोलीत गारवा असायचा. प्लेट सुकायला लागली होती, म्हणून तिथेच स्पिरिटच्या दिव्यापाशी मी यीस्ट नव्या प्लेटवर घेतलं.

“ह्यां काय गो? धंय लायलंय?” आईने विचारलं. तिला ते दह्याचं विरजण वाटलं. मी हसले.

त्याच खोलीत हुर्राकासाठी, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूसाठी, बोंडूंचा रस आंबत होता. दुसऱ्या कुणालाही दारातच तो वास आला असता. मी त्या वासातच वाढलेली, मला तो आलाच नाही. रसातलं रानटी यीस्ट, सदतीसवरही मजेत वाढणारं, हवेतून माझ्या प्लेटवर उतरलं.

आठवड्याने पुण्याच्या एका विद्यार्थिनीला मी त्याच प्लेटमधलं यीस्ट पाठवलं. तपासायचा कंटाळा केला आणि ती ओळ मात्र सुवाच्य अक्षरात लिहिली.

पावसाळा सरता सरता तिचं पत्र आलं. ‘एक क्षार घातला की तुझं यीस्ट सदतीसवरही वाढतं! वाहतूक पुन्हा सुरू होते!’ पणजीत आमची परिषद भरणार होती, तिथे ती हेच मांडणार होती. क्षाराशिवायची प्लेट मात्र तिने लावलीच नव्हती. मी तपासलंय म्हटल्यावर कशाला लावेल?

मला मागच्या खोलीतला आंबता रस आठवला. मी त्याच यीस्टची साधी प्लेट, क्षाराविना, सदतीसवर ठेवली. दोन दिवसांत ती गच्च भरली. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “आधी तिला सांग.” पण ती पुण्याहून निघाली होती.

परिषदेच्या सकाळी मी तिला सभागृहाबाहेर गाठलं. बारीक अंगाची, माझ्याच वयाची. मी सगळं सांगितलं: रस, प्लेट, ती खोटी ओळ.

“माझे चार महिने गेले गं,” ती म्हणाली. मी माफी मागायला लागले. तेवढ्यात आत तिचं नाव पुकारलं.

ती व्यासपीठावर गेली आणि एकही स्लाइड न दाखवता म्हणाली, “माझा निष्कर्ष चुकीचा आहे. यीस्टमध्ये भेसळ होती.” सभागृहात कुजबूज झाली. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क शास्त्रज्ञांनी करड्या आवाजात विचारलं, “यीस्ट पाठवलं कुणी?”

मी तिसऱ्या रांगेत होते. उठून ‘मी’ म्हणायचं, एवढंच काम होतं. माझ्याकडे न बघता ती थोडी थांबली. मला वेळ देत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

“आमच्याकडेच भेसळ झाली असणार,” शेवटी ती म्हणाली. “मी तपासायला हवं होतं.”

मी बसूनच राहिले.