‘आधी भेव सांगा’ म्हणणारे पुंडलिकराव गुरुजी

पुंडलिकराव गुरुजींची आणि माझी पहिली भेट बुलढाण्यास, शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. मदतनिसाची जागा रिकामी होती आणि मी तिच्यासाठी मलकापूरहून आलो होतो. गुरुजींनी माझा दाखला पाहिला नाही. ज्योतीवर काचेची नळी फिरवता फिरवता त्यांनी एवढेच विचारले, “कशाचं भेव वाटते तुले?”

“कशाचंच नाही, गुरुजी.”

“मंग घरी जाय.”

मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कुत्र्याचे, विजेचे आणि या घटकेला तुमचेच भेव वाटते, असे एका दमात सांगून टाकले. गुरुजी हसले. दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू झालो.

धामणगाव बढ्याच्या शेतकरी घरातले गुरुजी विलायतेतील एका शीतप्रयोगशाळेत काचकाम करणारे कारागीर म्हणून बरीच वर्षे होते. द्रवरूप हेलियम ठेवण्यासाठी दुहेरी भिंतींची, मधली हवा काढून घेतलेली भांडी लागतात. ती ते स्वतः फुंकून तयार करीत. महायुद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा ते परतले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या या रेल्वे नसलेल्या गावी विज्ञान शिकवू लागले. फार थंड केलेले हेलियम काचेच्या भिंतीवर आपण होऊन चढते, काठ ओलांडते आणि भांड्याच्या बुडाशी बाहेर ठिबकते, हे ते सांगत तेव्हा आमच्या अंगावर काटा येई. “म्या माह्या डोयानं पाह्यलं,” ते म्हणत. “ते कोणाचं ऐकत नाही.”

काचेचे कुठलेही भांडे हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याला कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचे, हा गुरुजींचा शिरस्ता. मुले आरंभी फिदीफिदी हसत. मग कोणी म्हणे, काच डोळ्यात जाईल. कोणी म्हणे, हात पोळेल. गुरुजी प्रत्येक भीतीवर उपाय सांगत आणि मगच भांड्याला हात लावू देत. एकच दिवस हा शिरस्ता घाईत राहून गेला, आणि त्या दिवसाविषयी मी आजवर गप्प राहिलो आहे.

शाळेच्या प्रदर्शनासाठी गुरुजींनी मुंबईहून द्रवरूप हवा आणली होती. त्यांना उतरवून घ्यायला मी मलकापूर स्टेशनावर गेलो. बुलढाण्याची मोटार सुटायच्या बेतात होती, म्हणून गुरुजी भांडे माझ्या हाती देऊन तिकडे धावले. भांड्याच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा होता आणि त्यातून पांढरा धूर निघत होता. माझा जीव कळवळला. एवढ्या लांबून आणलेले डोळ्यांदेखत उडून चालले होते! आमच्या मलकापुरात कुणाच्याही घरी उघडे भांडे ठेवत नाहीत. धुळीने, माश्यांनी, उन्हाने सारे नासते. मी घट्ट बूच ठोकले आणि लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा वरून फडक्याचा दादरा बांधला.

घाटाच्या पायथ्याशी गुरुजींनी मोटारीच्या पुढच्या बाकावरून मागे वळून पाहिले. “धूर काऊन दिसत नाही बे?”

“बूच लावलं, गुरुजी. उडून जाऊन राह्यलं होतं.”

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते भ्यालेले मी प्रथमच पाहिले. माझ्या मांडीवर कोंडलेली हवा खदखदत होती. वाट मिळाली नाही तर ती काच फोडणार होती. शेजारी एक बाई तान्ह्या मुलाला पाजत बसली होती.

“मोटार थांबवा! समदे उतरा, दूर जा!” गुरुजींनी भांडे माझ्याकडून घेतले, कोटात गुंडाळले आणि सागाच्या झाडांकडे एकटे चालू लागले. मी मागे धावलो. “तू तिथंच थांब!” ते ओरडले, आणि मी थांबलो. त्या थांबण्याची लाज अजून गेलेली नाही.

मग आवाज झाला. बाईने मूल पदराखाली ओढून घेतले. झाडांआडून गुरुजी आले ते उजवा हात उपरण्यात गुंडाळून. दादरा सोडता सोडताच भांडे फुटले होते. जखम भरली, पण दोन बोटे पुन्हा वळली नाहीत, आणि त्या हाताला ज्योतीवर नळी फिरवणे पुन्हा कधी जमले नाही. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, “बूच म्याच लावलं होतं.” मी शेजारीच उभा होतो. नोकरी जाईल या भीतीने मी ब्रही काढला नाही.

त्यानंतरही त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. उलट काच फुंकण्याची आपली विद्या त्यांनी माझ्या हातांना शिकवली. आज शाळेची भांडी मी करतो आणि ते शेजारी बसून पाहतात. त्यांची नजर ज्योतीवर असते, माझी त्यांच्या बोटांवर.

गुरुजींच्या साठीनिमित्त, त्या वेळी राहून गेलेले प्रयोग आता ठेवले आहेत. द्रवरूप हवा मलकापूरहून कोण आणणार, असे सत्कार समितीत निघाले तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. “हाच आणीन. पण आधी भेव सांग बे.”

तेव्हा या गौरव अंकात सर्वांदेखत सांगतो, बूच मी लावले होते. गुरुजी, मला भांड्याचे भेव वाटते, घाटाचे वाटते, आणि सर्वांत अधिक याचे वाटते की हे वाचूनही आपण ‘म्याच लावलं होतं’ असेच म्हणाल. आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि माझ्यासारख्या भित्र्यांना अजून पुष्कळ वर्षे आपल्या पुढ्यात उभे राहून भीती सांगता येवो. सत्काराच्या दिवशी मोटार आली की आधी भांड्याकडे पाहा. धूर दिसेल.