प्योच्या पेटीतलं हवामान

प्यो दोकमान जेवताना मचमच करायचा आणि ती मचमच अख्ख्या गावाला ऐकू यायची. शी! इतकी वर्षं झाली, तरी शेवयांचा वाडगा समोर आला की मला आधी त्याचं ते सुर्र करून ओढणं आठवतं आणि घास तोंडात फिरतो.

लढाई थांबून दहा-बारा वर्षं झाली होती. गावात वीज नव्हती आणि रेडिओ एकच, तो प्योच्या घरी. फौजेत तो तारा ओढायचं काम शिकून आला होता. त्यानं एक यंत्र आणलं, बॅटरी आणली, घरोघरी तारा नेल्या आणि प्रत्येकाच्या ओसरीत एक लाकडी पेटी ठोकली. तो रेडिओवर जे लावेल ते पेटीत वाजायचं. पेटी बंद करायची सोय नव्हती. त्याच्या मनात आलं की गाणी, मनात आलं की बातम्या, आणि मधेमधे माईकवर त्याचं खाकरणं, ढेकर देणं, बायकोवर खेकसणं. एकदा माईक चालू ठेवून झोपला मेला, तर अख्खी दुपार आम्ही त्याचं घोरणं ऐकलं.

मी त्याला लहानपणापासून ओळखते. सणाला भाताच्या वड्यांचं ताट आलं की हा आधी सगळ्या वड्यांना जीभ लावून ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी हात लावायला नको. हाच माणूस पेटीतून बोलायला लागला आणि लोक त्याला प्योसाहेब म्हणायला लागले!

संध्याकाळच्या बातम्यांनंतर हवामान यायचं. तेवढं मात्र प्यो कुणाला ऐकू द्यायचा नाही. खटकन रेडिओ बंद करायचा आणि स्वतः सांगायचा. म्हणायचा, "राजधानीतल्या सोलवाल्यांची भाषा तुम्हाला कुठे कळतेय? मी सांगतो नीट." आणि लोक माना डोलवायचे.

त्या वर्षी वसंत सरत आला होता, जव पिकून पिवळे झाले होते. मागचा तांदूळ घराघरातून संपलेला, पोरंबाळं रानभाजीच्या पाण्यावर दिवस काढत होती. जव घरात येणं म्हणजे जीव वाचणं. कापणी आमच्याकडे सावडीनं व्हायची, एकाच्या शेतात सगळे, मग दुसऱ्याच्या. मंगळवार-बुधवार प्योचं शेत होतं, गुरुवारी बुनिमचं, शुक्रवारी आमचं. बुनिम म्हणजे आमच्या शेजारची. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. हातभर शेत, त्यावरच तिचं पोट.

सोमवारी मी हेनामच्या बाजारात वाळलेली मासळी विकायला गेले होते. शेवयांच्या दुकानात रेडिओ मोठ्यानं चालू होता. येत्या आठवड्याचं हवामान सांगत होते. बुधवारी रात्रीपासून सगळ्या दक्षिण किनाऱ्यावर पाऊस, रविवारपर्यंत उघडीप नाही. मी उरलेली मासळी तशीच टोपलीत टाकली आणि धावत घरी आले. ओसरीत पाय ठेवते तोच पेटीतून प्योचा आवाज, "रविवारपर्यंत ऊन आहे, ऊन! निर्धास्त राहा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच त्याच्या घरी गेले. हा वाडग्यात तोंड घालून बसलेला, हनुवटीवरून रस्सा ओघळतोय.

"भावजी, पाऊस आहे बुधवारी. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

"असेल की."

"मग खोटं का सांगितलंत?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "वहिनी, खरं सांगितलं असतं, तर उद्या माझ्या शेतात कोण आलं असतं? जो तो आपापलं कापायला पळाला असता." वर दात कोरत हसला. "जा, सांगा गावाला. बघू तुमचं ऐकतात का पेटीचं."

सांगितलं मी. दारोदार सांगितलं. आणि काय म्हणाले माहितेय? आमचे हेसुद्धा तेच म्हणाले.

"अगं, तू ऐकलंस ते हेनामचं हवामान. तिथल्या रेडिओत तिथलं येतं. आपल्या पेटीत आपलं येतं."

"अहो, आभाळाला तारा ओढल्यात का त्यानं?"

"तोंड सांभाळ. सावड मोडलीस तर उद्या भातलावणीला कुत्रं फिरकायचं नाही आपल्याकडे."

बुनिमच्या तर मी हातापाया पडले. "अगं, चल माझ्याबरोबर. दोघी मिळून आधी तुझं कापू, मग माझं."

"नको गं ताई," ती म्हणाली. "तुला घरधनी आहे. मी सावड मोडली तर माझं शेत कोण नांगरेल? आणि प्योसाहेब कशाला खोटं बोलतील? रोज बोलतात आपल्याशी."

मी एकटीनं आमचं शेत कापलं. मंगळवारी दिवसभर आणि बुधवारीही. पलीकडच्या बांधावर सगळा गाव प्योच्या शेतात वाकलेला, आमचे हे त्यात, बुनिमही त्यात. मला बघून बायका तोंडं फिरवत होत्या. अर्ध्याहून जास्त जव मी पाठीवरून घरात आणून टाकले, आणि अंधार पडता पडता पाऊस आला.

तो रविवारपर्यंत हलला नाही. प्योचे जव छपराखाली सुखरूप. बाकी गावाचे शेतातच आडवे झाले आणि ओंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. पेटीतून प्यो म्हणाला, "आभाळापुढे कुणाचं चालतंय का?" आणि लोक म्हणाले, खरं आहे. शिव्या मला पडल्या, मी सावड मोडली म्हणून. थू!

उन्हाळा लागल्यावर प्यो पोतं घेऊन दारोदार फिरला. पेटीचं भाडं तो जवातच घ्यायचा. बुनिमच्या दारात त्यानं तिचे जव ओंजळीत घेतले, हुंगले आणि परत टाकले.

"हे कोंब आलेले मी काय करू? चांगले आण, नाहीतर उद्या तार तोडतो."

मी कुंपणापाशी उभी राहून ऐकत होते. म्हटलं, आता तरी ही त्याच्या तोंडावर थुंकेल. घटकाभरानं बुनिम टोपली घेऊन माझ्याच दारात आली.

"ताई, मापभर चांगले जव देशील?"

"त्याला द्यायला? अगं, लाज नाही वाटत? तोडू दे ना तार!"

तिनं टोपली माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "ताई, पेटी गेली तर माझ्या घरात बोलणारं कोण आहे?"

मला दया आली असं म्हणणार नाही मी. किळस आली. त्याची, त्या पेटीची, आणि हो, तिचीसुद्धा. माप मात्र मी शिगोशीग भरून दिलं. बुनिमनं टोपली डोक्यावर घेतली आणि माझे जव घेऊन ती प्योच्या घराकडे चालायला लागली.