वहिनीचे चामड्याचे हातमोजे

दर हिवाळ्यात परभणीचा पारा उतरला की पेपरात मोठ्या अक्षरात बातमी येते, आणि आमच्याकडची माणसं ती एकमेकांना अशी दाखवतात, जणू थंडी त्यांनीच पिकवली आहे. ती बातमी उन्हात खुर्ची टाकून वाचायची असते. त्याच थंडीत सूर्य उगवायच्या आत वालूरहून सेलूला दूध घेऊन कोण गेलं, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरातून माझी वहिनी जाते.

शिवरंजनी तिचं नाव. मी धनश्री, तिची नणंद, लग्न होऊन परभणीत राहते. नणंदेनं वहिनीची बाजू घेतली की लोकांना वाटतं, हिचा काहीतरी मतलब असणार. माझा मतलब एवढाच की मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

आमच्या वडिलांचं, महालिंगअप्पांचं, वालूरला किराणा दुकान. ते गेल्यावर दुकान महांतेशदादाकडे आलं आणि म्हशी वहिनीकडे आल्या. कुणी वाटणी केली नव्हती, आपोआपच तसं झालं. दादा ऊन चांगलं वर आल्यावर स्वेटर, कानटोपी, वर शाल अशा थाटात दुकान उघडतो. तोवर वहिनी धारा काढून, स्कूटरवर पुढं दुधाचे कॅन आणि मागं दह्याचा डबा बांधून सेलूला जाऊन, घरोघरी रतीब घालून परत आलेली असते. आल्यावर अंघोळ, मग पूजा, आणि त्यानंतरच पोटात काही जातं. चहासुद्धा नाही. पूजेच्या आधी तोंड उष्टं करायचं नाही, हा आईचा नियम. तो दादालाही लागू आहे, पण दादाची पूजा चहाच्या वेळेला बरोबर आटोपते.

वहिनीच्या बोटांचं दुखणं असं की गारठा लागला की ती पांढरी पडतात. आधी टोकं, मग पेरं, मग अख्खी बोटं खडूसारखी. त्यात काही धरलंय की नाही हे तिला कळत नाही. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातातच असतात. मागच्या हिवाळ्यात धुक्यात उसाची ट्रॉली समोर आली, तिनं ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं तिला वाटलं, पण बोटं मिटलीच नाहीत. गाडी खाली चिखलात गेली म्हणून ती वाचली. सेलूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हात ऊबदार ठेवा, नाहीतर बोटं कायमची बिघडतील. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "डॉक्टर लोकं असंच घाबरवायलेत." आई म्हणाली, "आमी काय थंडी बघितली न्हाई का?"

म्हणून तिच्या भावानं, शंभुराजनं, हातमोजे पाठवले. तो ट्रक चालवतो, सफरचंदाच्या हंगामात काश्मीरला जातो. तिकडून चामड्याचे, आतून लोकरीचे, मनगटापर्यंत येणारे मोजे त्यानं आणले. वहिनीनं ते घालून पहिल्यांदा सेलू गाठलं त्या दिवशी मला फोन करून ती म्हणाली, "वन्सं, आज लोकांच्या हातात सुट्टे पैसे मोजून दिले, एक नाणं खाली पडलं न्हाई." एवढ्यानं ती खूश झाली होती.

आईला, म्हणजे चन्नबसम्माला, ते मोजे पहिल्या दिवसापासून खुपले. आम्ही लिंगायत. अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. तळहात म्हणजे देवाचं आसन. ते मला मान्य आहे, मीही रोज बसते. पण आईनं यातून स्वतःचा एक नियम काढला. ज्या हातावर लिंग बसतं तो हात जनावराच्या कातड्यात घालायचा नाही. असा नियम मी कुठल्या स्वामींच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडे सगळ्यांच्या पायात चामड्याच्या चपला आहेत, दादाच्या कमरेला चामड्याचा पट्टा आहे, खिशात चामड्याचं पाकीट आहे, आणि त्या पाकिटात तर चक्क देवाचा फोटो आहे. त्याबद्दल आईनं कधी चकार शब्द काढला नाही.

तेव्हा तोडगा असा निघाला की मोजे घरात आणायचे नाहीत. गोठ्याच्या पत्र्याखाली एका खिळ्याला ते लटकू लागले. वर पत्र्याचं दव, खाली शेणाचा ओलावा, त्यात रोज सांडलेलं दूध. महिन्याभरात चामडं पापडासारखं कडक झालं. मूठ वळेना, शिवणीतून पाणी आत जाऊ लागलं आणि आतली लोकर ओली राहू लागली. ओल्या लोकरीत हात घालण्यापेक्षा उघडे बरे.

मग दादाला एकदम बायकोची काळजी वाटली. दुकानात घाण्याचं करडीचं तेल होतं. आमच्या भागात करडीच्या तेलानं होत नाही असं काम नाही. भाजी, दिवा, डोक्याची मालिश, सांध्यांची मालिश, बिजागरीची कुरकुर, सगळ्याला तेच. दादानं मोज्यांवर ते भरपूर तेल चोपडलं आणि मुरायला म्हणून मोजे भर उन्हात पत्र्यावर टाकले. करडीचं तेल उन्हात काय होतं हे ज्यानं कढईच्या बाहेरची बाजू घासली आहे त्याला विचारा. चिकटून बसतं, खरवडावं लागतं. संध्याकाळी मोजे उतरवले तेव्हा दोन्ही एकमेकांना चिकटले होते आणि वर भुसा, धूळ आणि म्हशीचे केस बसले होते. दादा म्हणाला, "आता पाण्याचा थेंब आत जाणार न्हाई." तसं म्हटलं तर खरंच होतं, कारण त्यात आता हातसुद्धा जात नव्हता.

मी त्याच सुमाराला माहेरी गेले होते. वहिनीनं ते मोजे मला दाखवले आणि हसली. मला हसू आलं नाही. मी शंभुराजला फोन लावला. चामड्याचं सामान वापरणारा माणूस, त्यानं ट्रक चालवता चालवता एकेक गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाला, "ताई, घाई करू नका, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गोठ्यासमोर बसलो. ओलसर फडक्यावर थोडासा साबण घेऊन ते तेल पुसत राहिलो. पाण्यात बुडवायचे नव्हते, नुसतं पुसायचं, फडकं बदलायचं, पुन्हा पुसायचं. बोटांच्या बेचक्यातली घाण वहिनीनं जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढली. मग आत कागदाचे बोळे कोंबून, आकार नीट करून, सावलीत वारा लागेल असे ठेवले. पूर्ण सुकले तेव्हा चामड्याला एरंडेल लावलं, अगदी थोडं, बोटाच्या टोकावर येईल एवढंच, आणि जिथं घडी पडते तिथं चोळत राहिलो. एरंडेल करडीसारखं वाळत नाही, मुरतं. ते कडक चामडं हळूहळू वळायला लागलं तेव्हा वहिनी एकच बोट पुन्हा पुन्हा वाकवून बघत होती.

आता मेण राहिलं. परभणीच्या जडीबुटीच्या दुकानातून मी मधमाशीचं मेण मागवून घेतलं होतं. ते गरम पाण्यात वाटी ठेवून एरंडेलाबरोबर वितळवायचं होतं. मी वाटी घेऊन गॅसकडे निघाले तर आई दारात उभी राहिली.

"चामड्याचं काय बी माझ्या चुलीवर न्हाई चढायचं."

"आई, हे मेण हाय. चामडं बाहेर हाय."

"चामड्यासाठीच हाय ना?"

मी वाटी घेऊन मागं फिरले. बाहेर तीन दगड मांडले, काड्या पेटवल्या, धुरानं डोळे चोळत मेण वितळवलं. कोमट असताना फडक्यानं मोज्यांवर चढवलं, शिवणींवर दोनदा, अंगठ्याच्या मुळाशी तीनदा, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी कोरड्या फडक्यानं चमक येईपर्यंत पुसलं. वहिनीनं तांब्यातून पाणी ओतून बघितलं. थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. त्या वेळी ती लहान मुलीसारखी दिसली, आणि मला वाटलं, चला, एवढा हिवाळा तरी निघेल.

मी परभणीला आले आणि आठवड्याच्या आतच आईनं तिच्यापुढं पेच टाकला. अवकाळी पाऊस झाला होता, वहिनी कोरड्या हातांनी घरी आली, मोजे खिळ्याला टांगले, अंघोळ करून पूजेला बसणार तर आई म्हणाली, "एकतर ते हातात घाल, न्हाईतर लिंग हातात घे. दोन्ही न्हाई जमायचं." वहिनी भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून हाताला जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून निघाली. दुधानं त्या चिंध्या भिजायच्या आणि सेलूपर्यंत बर्फ व्हायच्या. हे मला तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी एसटी पकडली असती. मुकाट्यानं सोसण्याचं आमच्याकडे फार कौतुक होतं आणि त्या कौतुकाचा मला संताप येतो.

संक्रांतीला मी पुन्हा गेले. पहाटे धुकं इतकं होतं की समोरचं लिंबाचं झाड दिसत नव्हतं. वहिनी उशिरा आली, हाताला ओल्या चिंध्या; मी खोदून विचारलं तेव्हा आईनं टाकलेला पेच मला कळला. सणाचं घर, आई घाई करत होती, दादा अंघोळ करून तयार. वहिनीनं घाईघाईनं अंघोळ उरकली आणि आमच्या शेजारी पूजेला बसली. चांदीच्या डबीतून लिंग काढून तळहातावर घेतलं. मी डोळे मिटणार तेवढ्यात फरशीवर आवाज झाला.

लिंग खाली पडलं होतं. आमच्या घरात लिंग हातातून पडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. दादा उठून उभा राहिला. आईचा चेहरा राखेसारखा झाला.

"बाटला. चामड्यानं बाटला हात," आई म्हणाली. "मी सांगत हुते."

माझा तोल गेला. "ते मोजे महिना झाला गोठ्यात टांगलेत, आई. तिनं हात बी लावला न्हाई त्यांना. तूच बंद केलेस."

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती वहिनीकडे बघत होती. वहिनी वाकून लिंग उचलायचा प्रयत्न करत होती. बोटं त्याच्यावर जात होती, पण मिटत नव्हती. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. ते लिंग फरशीवर नुसतं सरकत होतं आणि ती त्याच्यामागून हात सरकवत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

शेवटी आईनं लिंग उचललं, पदरानं पुसलं आणि वहिनीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं आपल्या हातानं मिटवली. तेव्हा तिला त्या बोटांचा गारठा पहिल्यांदा जाणवला असावा. कितीतरी वेळ तो हात तिनं सोडला नाही. मला वाटलं, आता हिला कळलं.

मग ती दादाकडे वळून म्हणाली, "उद्यापासून दूध तू घेऊन जा. हिच्यानं न्हाई व्हायचं."

दादा गडबडला. "मी? या थंडीत?" मग म्हणाला, "मग ते मोजे तरी द्या काढून. उघड्या हातानं कसं जायचं माणसानं?"

आणि आई उठली. एका शब्दानं काही न विचारता गोठ्यात गेली, खिळ्यावरून मोजे काढले, उंबरा ओलांडून देवासमोरून ते घरात आणले, पदरानं त्यावरची धूळ झटकली आणि दादाच्या हातात दिले. दादाच्या गळ्यातही लिंग होतं. दादाचा डावा तळहातही नुकताच पूजेतून उठला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी उठली. तिनं लिंग डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली आणि दादासमोर येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, ह्यांच्या तळहातावर काय बसतंय?"

वहिनीनं दादाच्या हातातून मोजे घेतले. दादानंही ते सोडले, कारण तिचा चेहरा त्यानं असा कधी बघितला नव्हता. तिला ते घालता येईनात, बोटं आत वळेनात. मी पुढं झाले आणि एकेक बोट धरून आत बसवलं, आधी उजवा हात, मग डावा. तशीच ती देवासमोर उभी राहिली, ऊब येईपर्यंत.

"दूध मीच नेणार," ती म्हणाली. "म्हशी माझ्या हायत. आणि हे इथं, घरात राहणार."

ते आता देवघराच्या शेजारच्या खुंटीला असतात. आई रोज त्यांच्यासमोरून पूजेला जाते आणि अजून एकदाही वहिनीला "चुकलं" म्हणालेली नाही.