तेहतीस अनारशांचा मान

लोक म्हणतात, रत्नामावशीने आपल्या आईला फसवलं. अहो, माझ्या आजीला, भिवापूरच्या प्रयागबाईला फसवणारा अजून जन्मायचाय!

रत्नामावशी नागपुरात नर्स होती आणि तिचा जीव बरोबरच्या शामला नर्सवर होता. पण आजीला जावई पाहिजे होता, म्हणून मावशीने रुपरावशी लग्न केलं. त्याचाही जीव एका मित्रात गुंतलेला, त्यालाही घरच्यांना दाखवायला बायको हवीच होती. हार घालून झाल्यावर तो नागपुरातच जरीपटका वस्तीत मित्राकडे राहिला आणि मावशीच्या घरी शामला. आजी येणार असली, की रुपराव तेवढ्यापुरता नवरा व्हायचा.

सत्याहत्तर साली धोंड्याचा महिना आला आणि आजी नागपूरला मावशीच्या घरी आली. या महिन्यात सासू जावयाला मानाने तेहतीस अनारसे देते. आजीने पाट मांडला आणि म्हणाली, "जावईबुवा, हातपाय धुऊन या जी."

रुपराव ऐटीत उठला आणि न्हाणीऐवजी कोळशाच्या कोठीत शिरला.

आजीने त्याचे काळे पाय पाहिले. "तुमी खुर्चीवर बसा, भाऊ. तुमी पाव्हणे." मग म्हणाली, "शामला, तू काहून उभी वं? पाटावर बस. रत्ना टायफाईडनं पडली, तवा तिले कोणं सांभाळलं, मले समजत नाही काय?"

तिने शामलाला कुंकू लावून ताट पुढे केलं.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला, तेव्हा भिवापूरहून पोस्टकार्ड आलं, साऱ्या पोस्टाने वाचावं असं: "जावयाले घेऊन ये. शामलाले सुट्टी भेटन ना?"