जनीने पोचवलेले निरोप

मांजर्लीच्या जनीला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. धवलारीण ना ती! आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाणारी बाई. नवरी लाजून गप्प, तिची आई रडून गप्प. मग त्यांच्या मनातलं सगळं जनीने गाऊन सांगायचं. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून बोलायची सवय तिला तिथे लागली. ती सवय तिने घरात आणली आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

नदी मांजर्लीत शिरली त्या वर्षी जनीच्या घरच्या दोन्ही म्हशी दाव्याला बांधलेल्या बुडाल्या. दावी सोडायचं काम कल्पेशचं, जनीच्या एकुलत्या एका पोराचं. तो गेला होता शेजारच्या म्हातारीला पाठीवर घालून बाहेर काढायला. पाणी ओसरल्यावर त्याचा बापूस बुधाजी चिखलात उभा राहून चारचौघांत ओरडला, "त्यांच्या जागी तू का नाय गेलास?" झालं! तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. एका घरात राहायचं, एका टोपातलं कालवण खायचं, आणि एकमेकांना हूं का चूं करायचं नाही. वर्षं गेली अशी.

"सांग त्याला, मोटर बंद कर," बुधाजी ओट्यावरून खेकसायचा. जनी आत जाऊन सांगायची, "बापूस विचारतोय, जेवलास काय? आणि मोटर तेवढी बंद कर." कल्पेश फणकारायचा, "सांग त्यांना, मी नोकर नाय." जनी बाहेर येऊन म्हणायची, "तो बोलतोय, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही उठू नका." आहे की नाही बाई वस्ताद! कधी बुधाजी स्वतःहून तोंड उघडायचा. "जने, त्या दिवशी पाण्यात..." पण पुन्हा जुनं काही उकरायला नको म्हणून ही लगेच हात हलवायची. "ऱ्हाऊदे आता. काय सांगायचं ते मी सांगते त्याला."

कल्पेशच्या हळदीला तर तिने कहर केला. पोरगा तोंड फुगवून बसलेला. ती त्याच्या कानाला लागली, "बापूस बोलतोय, म्हशी गेल्या तर गेल्या, माझा पोर वाचला." कल्पेश अंगभर हळदीनिशी ढसाढसा रडला. त्या एका वाक्यावर तो घरात राहिला, नाहीतर अंबरनाथच्या आनंदनगरातल्या कारखान्यात लागल्या लागल्या त्याने तिथेच बिऱ्हाड केलं असतं.

आणि नेमकी अशा बाईची वाचा गेली. सकाळी चहा गाळताना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून "आ... आ..." याखेरीज काही फुटेना. कळत मात्र सगळं होतं.

घरच मुकं झालं. बुधाजी सवयीने सुनेला म्हणाला, "उन्नती, सांग त्याला." उन्नती दिवसभर उल्हासनगरच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून पिचलेली. तिने सरळ हात जोडले. "बाबा, मी आई नाय. तुमचं तुम्ही बोला."

ते कसले बोलतात! एका संध्याकाळी बुधाजीने जनीला रक्तदाबाची गोळी दिली. मग कारखान्याच्या पाळीवरून आलेल्या कल्पेशनेही दिली. जनी मान हलवत राहिली, पण "आये, असं नको करू" म्हणत त्याने भरवलीच. रात्री तिला चक्कर येऊन दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर भडकले, "एका घरात राहता की दोन गावांत?" आणि त्यांनी अख्ख्या घराला समुपदेशनाला धाडलं.

तिथल्या किर्तीमॅडमनी पहिल्यांदा काय केलं, तर बापलेकांच्या मधली जनीची खुर्ची काढून भिंतीशी लावली. जनीने डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढायला पाहिली. इथे दोघं समोरासमोर बोलले तर तिची सगळी लबाडी उघडी पडणार, आणि पोरगा घर सोडणार.

सुरुवातीच्या भेटी नुसत्या खाकरण्यात गेल्या. मग एकदा मॅडमनी विचारलं, "कल्पेश, बाबांची कुठली गोष्ट मनाला लागून राहिली? चांगली गोष्ट."

कल्पेशने हळदीचं ते वाक्य सांगितलं.

"मी असं बोललो नव्हतो," बुधाजी म्हणाला. मग त्याला शंका आली. "आणि तू? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा बोललेलास ना, बाबांना सांग घाबरू नका, मी दाराशीच उभा हाय?"

"मी कंपनीत होतो बाबा."

दोघांनी वळून जनीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे सगळं खोटं!" कल्पेश ताडकन उठला. "मी येडा, त्या एका वाक्यासाठी राहिलो!"

"बस ना रं." बुधाजीने त्याची बाही धरली. "त्या दिवशी मना म्हशी दिसत होत्या. ओरडत होत्या, दिसत होत्या. तू दिसत नव्हतास. त्यांना तसंच टाकून दुपारपासून पाण्यात तुला हुडकत होतो. मग तू आलास धडधाकट, आणि मी कायतरीच बोलून गेलो. जीव ठिकाणावर नव्हता माझा."

कल्पेश खाली बसला. "मग इतकी वर्षं का नाय सांगितलंत?"

"जनी सांगेल असं वाटलं," बुधाजी म्हणाला. "तीच सांगायची ना सगळं."

जनीचं काळीज फाटलं. इतके गोड निरोप रचले, आणि जो खरा होता तो तिने कधी ऐकूनच घेतला नाही! किती वेळा म्हातारा सांगायला आला होता आणि किती वेळा तिनेच त्याला गप्प केलं होतं. आता तिला दोघांची माफी मागायची होती. ती "आ... आ..." करत राहिली आणि उन्नती तिची लाळ पुसत राहिली.

कल्पेश आणि उन्नती शेवटी अंबरनाथला गेलेच. इतक्या वर्षांची अढी चार भेटींत थोडीच सुटते! पण संध्याकाळी बुधाजीचा मोबाइल वाजतो. पलीकडून कल्पेश गोळीचं विचारतो.

"दिली, दिली," बुधाजी सांगतो. मग जरा घुटमळतो. "जेवलास काय?"

खाटेवर पडलेली जनी हे ऐकते. या दोन शब्दांसाठी ती जन्मभर खोटं बोलली. ती भिंतीकडे तोंड करते आणि रडते. बुधाजीला वाटतं तिला काहीतरी हवंय, म्हणून तो पाण्याचा तांब्या घेऊन येतो.