ट्रकभोवती चालणारे दाजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका बसण्याचा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल, आणि नेमकं त्यांनाच काम मिळालं ते दिवसभर बसून राहण्याचं. दाजी ट्रक चालवायचे. वाळूजला तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते. तिथला माल घेऊन ते थेट मद्रासपर्यंत जात. त्यांचे वडील जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. "बा चालून चालून गेला, मी बसून बसून जाणार," असं ते खेदानं म्हणत आणि गाडी थांबेल तिथं उतरून ट्रकभोवती झपाझप फेऱ्या मारत. जकात नाक्यावर रांग लागली की फेऱ्या, रेल्वेचं फाटक पडलं की फेऱ्या. फाटक लवकर उघडलं तर मागच्या गाड्या भोंगे वाजवत आणि दाजी उरलेली अर्धी फेरी पुरी करूनच वर चढत. मुकुंदवाडीला आमच्या घरी आले तर चहासुद्धा अंगणात चालत पीत. आक्का बशी घेऊन मागं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाभोवती फिरत होते, तर मुलीकडच्यांनी तो आमचा कुळाचार समजून आपले दोन वडीलधारे त्यांच्यामागं धाडले.

बाकीचे ड्रायव्हर त्यांना हसत. सगळ्यात जास्त हसत सिल्लोडचे एक चाचा. त्यांना साखरेचा आजार, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. नामांतराच्या आंदोलनात एका दुपारी जालना रस्ता अडवला गेला आणि शहराबाहेर ट्रकची रांग लागली. दाजींनी चाचांना हाताला धरून फेरीला काढलं. दुसऱ्या फेरीत त्यांना चाचांच्या चपलेवर रक्त दिसलं. तळव्यात खिळा रुतला होता, आणि साखरेनं पाय बधिर झालेल्या चाचांना त्याचा पत्ताच नव्हता. "मेरे कू कुछ लगताच नै, भाई," ते ओशाळून म्हणाले. दाजी तडक रस्त्यावर बसलेल्या मंडळींकडं गेले. त्यांनी वाट करून दिली, एकानं आपली सायकलही दिली. चाचांना सीटवर बसवून दाजींनी ती सरकारी दवाखान्यापर्यंत भर उन्हात ढकलत नेली. दोन बोटं काढावी लागली, पण पाय वाचला.

तेव्हापासून ढाब्यावर कुणी ड्रायव्हर भेटला की दाजी रामरामाच्या आधी त्याला चपला काढायला लावत आणि ज्योतिषानं हात बघावा तसे तळवे निरखत.

आता ते थकलेत. परवा मी म्हटलं, दाजी, तुमच्यामुळं एका माणसाचा पाय राहिला.

"पाव्हणं, त्याच्या आधी कैक जण माझ्यापुढून लंगडत गेले असतील," ते हळूच म्हणाले. "मी आपला माझ्याच चालण्यात व्हतो."