नवऱ्याच्या ताटात

प्रमोदिनीबाईंच्या कोपरांवर पहिल्यांदा पुरळ उठलं, तेव्हा त्यांना नात होऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता. मुहूर्त काय शोधला बघा त्या मेल्या रोगाने! एकसष्ट वर्षांत कधी साधं गळू झालं नव्हतं, आणि मांडीवर नात घ्यायची वेळ आली तर हे असं.

आधी कोपरं, मग गुडघे, मग कंबर. बारीक बारीक पाण्याने भरलेले फोड, आणि खाज अशी की बाई दाराच्या चौकटीला पाठ घासत उभ्या राहायच्या. फोड फुटले की रक्त, रक्त सुकलं की खपली, खपलीखालून पुन्हा खाज. भिवंडीतल्या त्यांच्या गल्लीत भिंतीपलीकडे कापडाचे लूम अष्टौप्रहर खडखडतात, त्यामुळे बाईंचं कण्हणं शेजारीपाजारी कुणाला ऐकू गेलं नाही. घरात ऐकू जात होतं, पण घरात ऐकायला फक्त दत्तोपंत होते.

दत्तोपंत म्हणजे त्यांचे यजमान. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, पण घरात अजून ड्युटीवरच होते. सकाळी साडेअकराला पाटावर बसणार, घडीची पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, एका वेळी एक. दुसरी गार झाली तर ती बाजूला सारायची आणि बायकोकडे नुसतं बघायचं. ओरडायचे नाहीत हो कधी. ओरडणारा माणूस परवडला.

आणि त्यांचं जेवण झालं की त्याच ताटात बाई जेवायच्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं, "नवऱ्याचं ताट घासायला टाकायचं नाही. त्यातच आपलं वाढून घ्यायचं. त्याने टाकलेलं आधी संपवायचं, मग आपलं." गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी ही पद्धत कधीच गुंडाळून ठेवली होती. बाईंना हसायच्या त्या. बाईंना मात्र त्यात काही विशेष वाटायचं नाही, सकाळी उठून वेणी घालावी इतकं ते अंगवळणी पडलं होतं. दत्तोपंत मुद्दाम टाकायचे. पोळी बुडवलेली आमटी, चमचाभर भाजी, पोळीचा काठ. ताट कधी स्वच्छ करून उठले नाहीत.

घरच्या डॉक्टरांनी पुरळ लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "खरूज आहे. लहान मुलापासून जपा."

झालं! त्या एका वाक्याने घात केला. मुलगा अनय आणि सून रुचिरा ठाण्याला राहायचे, शनिवारी बाळाला घेऊन यायचे. दत्तोपंतांच्या आईचं नाव गोदावरी, म्हणून बाळ गोदू. रुचिराने गोदूला दत्तोपंतांच्या मांडीवर द्यायचं आणि बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचं. रुचिराला दोष कसा द्यायचा? पहिल्या शनिवारी बाई स्वतःच म्हणाल्या होत्या, "नको गं, माझ्याकडे नको देऊस." म्हणताना हात मात्र पुढे आले होते, ते त्यांनी पदरात गुंडाळले. दोन वर्षं डोक्यापासून पायापर्यंत मलम चोपडलं. गोदू बसायला लागली, रांगायला लागली, चालायला लागली. बाईंनी ते सगळं दारातून पाहिलं.

शेवटी अनयने कल्याणच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नंबर लावला. त्यांनी कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला नवराबायको दोघं गेले, तर बाईंना रक्त द्यायला शेजारच्या खोलीत पाठवलं आणि डॉक्टर तोवर दत्तोपंतांशी बोलले. दत्तोपंत बाहेर आले, चपला घातल्या आणि म्हणाले, "गहू सोसत नाही तुला. पोटात गहू गेला की कातडीवर फुटतो. पोळी, रवा, मैदा बंद. एवढंच."

"आणि गोदूला घेतलं तर चालेल का हो?"

"ते काही बोलणं झालं नाही," दत्तोपंत म्हणाले आणि रिक्षा शोधायला लागले.

गोळ्याही मिळाल्या होत्या. चार दिवसांत खाज बंद! बाईंना वाटलं, सुटले बाई एकदाची. पण महिन्याभरात ओठ निळे पडले, जिना चढताना धाप लागायला लागली, अंगातलं रक्त निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी गोळ्या ताबडतोब थांबवल्या. "आजी, ह्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत. आता पथ्य हेच औषध."

मग बाईंनी पथ्य धरलं ते असं, की तसं व्रतसुद्धा कुणी करत नाही. बाजारच्या हिंगात मैदा असतो असं कुणीतरी सांगितलं, फोडणीतला हिंग गेला. गिरणीत गव्हावर दळलेल्या तांदळात गव्हाचं पीठ येतं हे त्यांचं त्यांनाच सुचलं. मंडईत भाजी विकायला दिघाशी गावची ललिता यायची, तिच्या घरी अजून जातं होतं. ती दर आठवड्याला तांदळाचं आणि नागलीचं पीठ दळून आणायची.

"आमच्या घरात गव्हाचा दाना न्हाय काकू, खुशाल खावा," ललिता म्हणायची आणि बाईंच्या अंगाला अंग लावून ओट्यावर बसायची. "सरकून बस गं," असं बाईंनी म्हटलं की हसायची. "मना काय व्हतंय? उन्हातान्हात राबून माजी कातडी म्हशीची झाली हाय."

त्या घरात बाईंना हात लावणारं माणूस आठवड्यातून एकदा पीठ घेऊन यायचं.

तर एवढं करूनही पुरळ काही जाईना. आठ दिवस जरा दबायचं, पुन्हा उसळायचं. सहा महिन्यांनी रक्त तपासलं, तर गहू पोटात जातोच आहे असं त्यात आलं. डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, चोरून खाता वाटतं?" ते हसण्यावारी म्हणाले. दत्तोपंतांनी मात्र ते उचलून धरलं. घरी आल्यावर त्यांनी उरलेल्या पोळ्यांचा डबा स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावायला सुरुवात केली. फोनवर नातेवाइकांना सांगायचे, "हिला जिभेवर ताबा नाही. काय करणार?" बाई आत पोळ्या लाटत ऐकायच्या. चाळीस वर्षं ज्या बाईने ह्या माणसाला गरम पोळ्या करून घातल्या, तिच्यापासून पोळीला कुलूप! आणि त्याहून वाईट म्हणजे बाईंना स्वतःचीच शंका यायला लागली. आपण झोपेत उठून खातो की काय? त्यांनी देवासमोर हात जोडून विचारलंसुद्धा. रोज साडेबाराला दत्तोपंतांच्या ताटात आपली भाकरी वाढून घेताना मात्र त्यांच्या मनात काहीही आलं नाही. श्वास घेताना कुणी विचार करतं का?

गोदू चार वर्षांची झाली, त्या नोव्हेंबरात दत्तोपंतांना पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. रुचिरा म्हणाली, मोबाइलवरून करून देते. दत्तोपंत अंघोळीला गेले होते, त्यांनी आतूनच कपाटात फाइल कुठे आहे ते सांगितलं. फायलींवर सुबक अक्षरात नावं होती. पेन्शन, घरपट्टी, वीज. त्यांच्याखाली एक, 'औषधोपचार, सौ.' रुचिराने ती सहज उघडली. आत कल्याणच्या डॉक्टरांचा एक छापील इंग्रजी कागद होता. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"काय गं? काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

रुचिराने मराठीत सांगितलं. "हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाला स्पर्श केल्याने तो पसरत नाही." मग पुढचं. "रुग्णाचं ताट, वाटी, तवा, पोळपाट वेगळा ठेवा. गव्हाचे कण लागलेल्या ताटात जेवल्यास पथ्याचा उपयोग होणार नाही."

ह्या दुसऱ्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारलेली होती. पट्टी लावून, सरळ. समासात दत्तोपंतांचं अक्षर होतं, 'पाहिले.' खाली सही आणि तारीख. दोन वर्षांपूर्वीची.

दत्तोपंत कान पुसत बाहेर आले. कागद बघून दचकले वगैरे मुळीच नाहीत.

"असले कागद ते सगळ्यांनाच देतात," ते म्हणाले. "आज ताट वेगळं करा म्हणतील, उद्या घर वेगळं करा म्हणतील. माझ्या आईने घालून दिलेली पद्धत एका चिठोऱ्यासाठी मोडायची?"

"बाबा, हे पसरत नाही असं लिहिलंय!" रुचिराचा आवाज फुटला. "चार वर्षं मी गोदूला आईंच्या जवळ जाऊ दिलं नाही. तुम्ही एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतंच रुचिराने. डॉक्टर बदलला, रोगाचं नाव बदललं, पण 'लहान मुलापासून जपा' हे कुणी परत तपासून पाहिलं नाही. म्हाताऱ्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं.

त्या दिवशी बाईंनी पोळ्या केल्या, गरम, एकेक करून. दत्तोपंत जेवले, भाजी आणि पोळीचा काठ टाकून उठले. बाईंनी ते ताट उचललं, मोरीत टाकलं आणि फळीवरून स्टीलची नवी थाळी काढून तिच्यात भाकरी घेतली.

दत्तोपंत हात पुसता पुसता थांबले. "म्हणजे मी मेलो तुझ्या लेखी?"

"तुम्ही गेलात तर मला रडू येईल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "अंग मात्र खाजायचं नाही."

इतकं कडू त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. त्यांनी भाकरी संपवली. दत्तोपंतांनी त्या दिवसापासून बायकोशी बोलणं टाकलं. काही हवं असेल तर ताटावर वाटी आपटायचे. दुसऱ्या दिवशी अनयचा फोन आला. "आई, बाबांचं वय झालंय, तू जरा समजून घे." बाईंनी फोन ठेवला आणि स्वतःसाठी वेगळा तवा विकत आणला.

फोड यायचे थांबायला चार महिने लागले, सगळं कोरडं व्हायला अकरा. कोपरांवर नुसते काळसर डाग राहिले. बाई झोपायला लागल्या. त्यांना आता एकच ध्यास होता. एवढ्या वर्षांत नातीला एकदाही कुशीत घेतलं नव्हतं, आणि पसरत नाही हे कळलं तरी फोडांच्या अंगाने तिला जवळ घ्यायचं नाही, घाई करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून 'एकदम स्वच्छ' म्हटलं, त्या आठवड्यात त्यांनी रुचिराला फोन केला. "ह्या शनिवारी गोदू माझी."

शनिवारी बाईंनी नागलीचे लाडू केले, लुगडं बदललं, बाह्या वर सारून जमिनीवर बसल्या. रुचिराने दारातच गोदूच्या पाठीला हात लावला. "जा, आजीकडे जा. आजी बरी झाली."

गोदू पाच वर्षांची, हुशार, ऐकणारी मुलगी. ती आली. बाईंनी कोपर पुढे केलं. "बघ गं, गेलं सगळं. लाव हात."

गोदूने आईकडे बघितलं, मग एक बोट पुढे करून डागावर हळूच टेकवलं. बाईंनी दोन्ही हात पसरले, तिला ओढून घेणार एवढ्यात गोदू वळली आणि मोरीकडे पळाली. नळाखाली तिने ते बोट साबण लावून धुतलं, मग पुन्हा साबण लावला, मग दोन्ही हात कोपरापर्यंत.

"गोदू, अगं काय करतेस!" रुचिरा ओरडली.

"हात धुतेय," गोदू म्हणाली. तिला कळेना, आई का ओरडते. चांगल्या मुली असंच करतात, हे तिला आईनेच तर शिकवलं होतं. तिने ओले हात फ्रॉकला पुसले आणि जाऊन पाटावर जेवत बसलेल्या आजोबांच्या मांडीवर बसली.

दत्तोपंतांनी ताटातली पोळी मोडली, आमटीत बुडवून घास तिच्या तोंडात घातला, आणि वर न बघता वाटी ताटावर आपटली.

बाई उठल्या. आणखी एक पोळी लाटायला घेतली.